शेंगदाणा आणि मक्यातील अफ्लाटॉक्सिनचा अभ्यास: खळ्यावर नमुना कसा घ्यावा

परतीचा पाऊस आणि मक्याची काढणी एकाच आठवड्यात गाठ पडण्याची वर्षे खानदेशात कमी नाहीत. शिरपूर, चोपडा, रावेर या पट्ट्यात ताडपत्रीखाली झाकलेला मका दोन दिवस उघडता आला नाही, की तिसऱ्या दिवशी ढिगात कोपरापर्यंत हात घातल्यावर आत ऊब लागते. ही ऊब दाण्यांच्या आणि त्यांच्यावर वाढणाऱ्या बुरशीच्या श्वसनाची असते. त्या बुरशीत ॲस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी जात असेल, तर पिकाचा प्रश्न तिथेच माणसाच्या यकृताचा प्रश्न होतो. तिच्या काही वाणांपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणारे म्हणून पहिल्या गटात नोंदवलेले विष आहे.

हा लेख जीवशास्त्राच्या पदवी किंवा पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि आपल्या मालाची तपासणी करून घेऊ इच्छिणारे शेतकरी यांच्यासाठी आहे. प्रयोगशाळेतील यंत्रांविषयी वाचायला पुष्कळ मिळते; मात्र यंत्रापर्यंत जाणारा दाणा कसा निवडावा याविषयी फार कमी लिहिले जाते. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत अहवालातील सर्वांत मोठी चूक बहुधा यंत्रात नसून नमुन्यात असते, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यामागे साधे गणित आहे. ते पुढे दिले आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एका अनोळखी रोगाने मेले. ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड त्यांच्या खाद्यात होती आणि तिच्या तपासातून या विषाचा शोध लागला. आपल्या दृष्टीने त्याहून जवळची घटना १९७४ ची आहे. राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत अवेळी पावसात भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला, दीडशेहून अधिक गावांत कावीळ आणि जलोदराची साथ पसरली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याच घरांतील उरलेसुरले अन्न खाणारी कुत्रीही आजारी पडली होती. रोग संसर्गाचा नसून खाण्यातून आला आहे, हे ओळखायला तीही एक खूण ठरली. अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरी पाड्यांवर मक्याची भाकर हेच रोजचे जेवण असते. त्यामुळे ही घटना आपण दूरची मानू नये.

वनस्पती आजारी पडते ती कशी

बुरशी फक्त साठवणीत लागते, हा समज अभ्यास सुरू करण्यापूर्वीच सोडून द्यावा. भुईमुगात ती जमिनीतच शेंगेत शिरते. शेंगा भरण्याच्या शेवटच्या तीन ते सहा आठवड्यांत पावसाचा ताण पडला आणि जमिनीचे तापमान २८ ते ३१ अंशांच्या आसपास राहिले, तर प्रादुर्भाव वाढतो. यामागील जीवशास्त्र अतिशय सुंदर आहे. निरोगी, ओलसर दाण्यावर बुरशीने हल्ला केला, की दाणा स्वतः स्टिलबीन वर्गातील संरक्षक संयुगे बनवतो. त्यांना फायटोॲलेक्सिन म्हणतात. झाड तहानले, की दाण्यातील मोकळे पाणी कमी होत जाते आणि संयुगे बनवण्याची ही क्षमता मंदावत थांबते. बुरशी मात्र दाण्यापेक्षा बऱ्याच कोरड्या स्थितीतही वाढू शकते. दाण्याचे संरक्षण संपलेले असते आणि बुरशीची वाढ थांबलेली नसते, त्या मधल्या काळात विष साठते. मक्यात हीच गोष्ट कणसाच्या केसरातून आणि अळीने पाडलेल्या छिद्रांतून घडते.

माणसाच्या शरीरात गेल्यावर अफ्लाटॉक्सिन बी-१ या प्रकाराचे यकृतातील सायटोक्रोम पी-४५० गटातील विकर एका अतिक्रियाशील इपॉक्साइडमध्ये रूपांतर करतात. ते डीएनएमधील ग्वानीनला चिकटते, आणि पेशींच्या वाढीवर लगाम ठेवणाऱ्या पी-५३ या जनुकाच्या २४९ व्या स्थानी ठरावीक बदल घडवते. यकृताच्या कर्करोगात हा बदल सापडला, की अफ्लाटॉक्सिनचा संशय घेतला जातो. शांघायमधील अठरा हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात, केवळ अफ्लाटॉक्सिनचा संपर्क असलेल्यांत यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे साडेतीन पट, केवळ हिपॅटायटिस बी असलेल्यांत सुमारे सात पट, आणि दोन्ही एकत्र असलेल्यांत जवळजवळ साठ पट आढळला. म्हणूनच बाळाला जन्मताच दिली जाणारी हिपॅटायटिस बी ची लस आणि खळ्यावरील ताडपत्री ही दोन्ही एकाच रोगाविरुद्धची साधने आहेत, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो.

प्रश्न लहान ठेवावा

‘खानदेशातील अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण’ असा विषय घेऊ नये. तो एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातील नाही. एक प्रश्न, एक पीक आणि एक हंगाम पुरेसा आहे. उन्हाळी भुईमुगात काढणीपूर्वीचे शेवटचे पाणी दिल्याने फरक पडतो का? शेंगा जमिनीवर वाळवणे आणि ताडपत्रीवर वाळवणे यांत फरक पडतो का? नंदुरबारच्या मिरची पथारीवर मातीला टेकून वाळलेली आणि जाळीवर वाळलेली मिरची सारखीच असते का? या प्रत्येक प्रश्नातून शेतकऱ्याला उद्या वापरता येईल असे उत्तर मिळू शकते. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने दिलेला जेएल-२४ अर्थात फुले प्रगती हा वाण पुष्कळांच्या परिचयाचा आहे. भुईमुगावर काम करायचे असल्यास असा एकच ओळखीचा वाण धरावा, म्हणजे वाणांमधील फरक आपल्या प्रश्नात मिसळत नाही.

दोन पद्धतींची तुलना करताना एक पद्धत एका शेतात आणि दुसरी शेजारच्या शेतात, अशी मांडणी कधीही करू नये. एका शेतात पाणी साचते, दुसऱ्यात वाळवी असते आणि शेवटी फरक कशाचा ते कळत नाही. एकाच शेताचे किमान चार पट्टे पाडावेत, प्रत्येक पट्ट्यात दोन्ही पद्धती ठेवाव्यात, आणि कोणती पद्धत बांधाकडे येईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. चिठ्ठ्या टाकणे पोरकट वाटते म्हणून विद्यार्थी ते टाळतात आणि ‘सोयीने’ जागा ठरवतात. ही सोयच पुढे निष्कर्षाला खाते. नांगराने किंवा खुरप्याने फुटलेल्या, वाळवीने कुरतडलेल्या शेंगा वेगळ्या काढून त्यांचे वजन नोंदवावे, कारण विषाचा मोठा वाटा अशाच शेंगांत असतो.

एका दाण्याचे गणित

भारतातील अन्नसुरक्षा नियमांनुसार धान्यात एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा दर किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. हे प्रमाण किती सूक्ष्म आहे, ते असे पाहावे: एक हजार टन मक्यात १५ ग्रॅम. आता भुईमुगाचा एकच वाईट दाणा घ्या. अत्यंत दूषित दाण्यात दर किलोला दहा लाख मायक्रोग्रॅमपर्यंतचे प्रमाण मोजले गेले आहे. दाण्याचे वजन ०.४ ग्रॅम धरले, तर त्या एका दाण्यात ४०० मायक्रोग्रॅम विष झाले. तो १० किलो स्वच्छ दाण्यांत मिसळला, तर संपूर्ण १० किलोचे प्रमाण दर किलोला ४० मायक्रोग्रॅम होते, म्हणजे १५ च्या अडीच पटीहून अधिक. दहा किलोत एकूण सुमारे पंचवीस हजार दाणे असतात. पंचवीस हजारांत एक!

याच ढिगातून आपण २०० ग्रॅमचा नमुना घेतला, तर त्यात पाचशे दाणे येतील. तो दाणा त्यात असण्याची शक्यता पन्नासात एक. एकोणपन्नास वेळा अहवाल ‘आढळले नाही’ असा येईल, आणि पन्नासाव्या वेळी दर किलोला २,००० मायक्रोग्रॅम असा हादरवणारा आकडा येईल. दोन्ही अहवालांत यंत्र बरोबरच असेल आणि दोन्ही अहवाल ढिगाविषयी खोटे असतील. माझ्या पहिल्या अभ्यासात मी नेमके हेच केले होते: पोत्याच्या तोंडाशी हात घालून पाच मुठी दाणे घेतले, प्लास्टिकच्या पिशवीत बांधले आणि निर्दोष अहवाल शेतकऱ्याच्या हातात दिला. पुढच्या वर्षी रीतसर नमुना घेतल्यावर त्याच घरातील, तशाच पद्धतीने साठवलेल्या दाण्यांनी मर्यादा ओलांडलेली दिसली. आधीच्या वर्षी त्या कुटुंबाने काय खाल्ले असेल, हा विचार आजही मनातून जात नाही.

नमुना घेण्याची रीत

शक्य असल्यास माल हलत असताना नमुना घ्यावा, म्हणजे मळणी यंत्रातून दाणे पडताना, किंवा पोती रिकामी करताना ठरावीक वेळाने वाडगाभर. हलत्या धारेत ढिगाचा प्रत्येक भाग केव्हा ना केव्हा समोर येतो. स्थिर ढीग असेल, तर वरून, मधून, तळातून आणि चारही बाजूंनी मिळून सुमारे शंभर ठिकाणांहून दाणे घ्यावेत. मक्यासाठी प्रत्येक ठिकाणाहून ५० ग्रॅम, म्हणजे एकूण ५ किलो. भुईमुगाच्या शेंगांसाठी प्रत्येक ठिकाणाहून २०० ग्रॅम, म्हणजे एकूण २० किलो. भुईमुगाचा नमुना मोठा लागतो, कारण दाणा मोठा असल्याने त्याच वजनात दाण्यांची संख्या कमी असते. पोती थप्पीला लावलेली असतील, तर परखी (पोत्यातून दाणे काढण्याची पोकळ सळई) तिरकी खुपसून दाणे काढावेत आणि थप्पीच्या केवळ दर्शनी पोत्यांवर समाधान मानू नये. हमालांना दोन-चार पोती हलवायला सांगावे लागते. त्यासाठी अडत्याशी आधी बोलून ठेवावे आणि हमालीही ठरवून द्यावी.

चांगले दिसणारे दाणे निवडून घेणे जितके चुकीचे, तितकेच बुरशी लागलेले दाणे शोधून घेणेही चुकीचे आहे. डोळे हातावर ठेवू नयेत. जिथे हात गेला, तिथला दाणा घ्यावा.

एवढा मोठा नमुना लहान करण्यापूर्वी तो संपूर्ण दळला पाहिजे, ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची सूचना आहे. आधी दाणे वाटून घेतले, तर ‘तो’ दाणा एका वाट्यात जातो आणि बाकीचे वाटे स्वच्छ निघतात. दळल्यावर त्याचे लाखो कण होऊन सर्वत्र पसरतात. मका गिरणीत भरड दळता येतो. त्याआधी त्याच गिरणीतून थोडा आपलाच मका दळून टाकून द्यावा, म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाचे पीठ आपल्या नमुन्यात येत नाही, आणि आपले काम झाल्यावर गिरणी नीट झाडून घ्यावी. शेंगदाणे तेल सोडून लगदा होतात, त्यामुळे त्यांचे दळण प्रयोगशाळेवरच सोपवणे चांगले. संपूर्ण नमुना घेऊन दळून देण्याची त्यांची तयारी आहे का, हे नमुना नेण्यापूर्वीच विचारावे. दळलेले पीठ स्वच्छ कापडावर गोल पसरून त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग ठेवून उरलेले बाजूला काढावेत, पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग करावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे चालू ठेवावे.

काम करताना नाक-तोंडावर चांगला मास्क असावा आणि बुरशीचा दाणा नाकाला लावून हुंगू नये. ही बुरशी वाटीत किंवा पावावर घरी वाढवण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांना देऊ नये. तिचे बीजाणू श्वासात जातात, आणि अशा वाढीसाठी जैवसुरक्षा कक्ष असलेली प्रयोगशाळाच हवी.

नमुना ओलसर असेल, तर प्लास्टिकमध्ये बांधून एसटीच्या टपावर ठेवणे म्हणजे वाटेत बुरशीची पैदास करणे होय. कापडी किंवा जाड कागदी पिशवी वापरावी, सावलीत न्यावी, आणि एकदोन दिवसांत पोहोचवता येत नसेल तर नमुना वाळवून थंड जागी ठेवावा. चिठ्ठीवर पेन्सिलने गाव, पीक, वाण, काढणीची व नमुन्याची तारीख, ओलावा आणि ढिगाचा आकार लिहावा. शाई ओलाव्याने फुटते. पेन्सिल फुटत नाही.

ओलावा आणि दिवा

ओलावा त्याच जागी मोजावा. मका १२ ते १३ टक्क्यांवर, शेंगा ९ टक्क्यांवर आणि सोललेले दाणे ७ टक्क्यांवर आणले, की साठवणीत बुरशीला वाव राहत नाही. ओलावामापक नसेल, तर मक्यासाठी मिठाची जुनी रीत चालते: तव्यावर कोरडे केलेले दोन-तीन चमचे मीठ काचेच्या कोरड्या बरणीत घालावे, बरणी एकतृतीयांश भरेल इतका मका टाकावा, झाकण लावून हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवावी. मीठ काचेला चिकटले, तर ओलावा १५ टक्क्यांहून अधिक आहे. चिकटले नाही, तर १५ च्या खाली आहे, एवढेच कळते. १३ आहे, असे समजू नये.

वाळवल्याने वजन घटते, म्हणून शेतकरी ओला मका विकतो, आणि त्याला दोष देण्यापूर्वी हिशेब समजून घ्यावा. २० टक्के ओलाव्याचा १०० किलो मका १३ टक्क्यांवर आणला, की सुमारे ९२ किलो उरतो. आठ किलोचे पाणी भाव न मिळता उडून जाते. ओल्या मालाला कापला जाणारा भाव या आठ किलोंपेक्षा जास्त असेल, तरच वाळवणे परवडते. हा आकडा आपल्या अभ्यासात मांडला, तर शेतकरी तो अहवाल शेवटपर्यंत वाचतो.

मक्यासाठी ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा उपयोगी पडतो. भरडलेला मका अंधाऱ्या खोलीत पसरून पाहिल्यास बुरशीच्या जागी चमकदार हिरवट-पिवळी झाक दिसू शकते. ही झाक अफ्लाटॉक्सिनची नसून बुरशीच्या कोजिक आम्लापासून तयार झालेल्या पदार्थाची असते, म्हणून ती केवळ संशयाची खूण मानावी. झाक दिसली नाही म्हणून माल सुरक्षित ठरत नाही.

अहवाल वाचताना

एलायझा (प्रतिपिंडांच्या साहाय्याने विष मोजणारी) पद्धत स्वस्त आणि अनेक नमुन्यांसाठी सोयीची असते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने कमी खर्चाचे असे संच विकसित केले. एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारी यंत्रपद्धत) महाग, पण अफ्लाटॉक्सिनचे बी-१, बी-२, जी-१, जी-२ हे प्रकार वेगवेगळे दाखवणारी असते. अहवालात आकडा केवळ बी-१ चा आहे की चारही प्रकारांच्या बेरजेचा, आणि पद्धतीची किमान मोजमर्यादा किती, हे पाहावे. ‘आढळले नाही’ याचा अर्थ शून्य असा नसून त्या मर्यादेपेक्षा कमी, असा होतो. माल युरोपात जाणार असेल, तर थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी तिथे बी-१ ची मर्यादा २ आणि एकूण ४ मायक्रोग्रॅम आहे, हे ध्यानात ठेवावे.

माणसांच्या संपर्काचे मापन रक्तातील अल्ब्युमिनला चिकटलेल्या अफ्लाटॉक्सिनवरून आणि लघवीतील एम-१ वरून (शरीरात बी-१ पासून बनणारा अफ्लाटॉक्सिनचा प्रकार) करता येते. मात्र संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी परवानगी असल्याशिवाय कोणाचेही रक्त किंवा लघवी घेऊ नये. पदवीच्या विद्यार्थ्याने आहाराची विचारपूस करावी: कालच्या दिवसात मक्याच्या किती भाकरी, दाण्याचा कूट किती, तेल घाण्याचे की रिफाइंड. ही विचारपूस अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत करावी, संमती घेऊन करावी, आणि घरातील बाईला विचारावी, कारण कोणते दाणे कुटात जातात आणि कोणते गुरांना, हे तिलाच माहीत असते.

या उत्तरांतून पुढचा धागा मिळतो. दाणे तेलघाण्यात गेले, की विषाचा बहुतांश भाग पेंडीत राहतो. ती पेंड दुभत्या म्हशीने खाल्ली, की दिवसभराच्या आत दुधात एम-१ उतरते. भारतात दुधासाठी त्याची मर्यादा दर किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. पेंड बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते. शिजवून, भाजून किंवा उकळून हे विष पुरते नष्ट होत नाही, त्यामुळे सुरकुतलेले, काळवंडलेले, कडवट दाणे सुपात निवडून बाजूला काढणे हाच घरातील खरा उपाय ठरतो. काढलेले दाणे कोंबड्यांना टाकू नयेत. पक्षी या विषाला फार लवकर बळी पडतात. काढलेले दाणे जमिनीत खोल पुरावेत.

दळलेल्या अर्ध्या किलोपैकी निम्मा भाग प्रयोगशाळेला द्यावा आणि निम्मा हवाबंद डब्यात, शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात, तारीख लिहून ठेवावा. अहवालाविषयी शंका आली, तर पुन्हा तपासायला तोच भाग लागतो, आणि तो हाती नसेल तर पुढच्या काढणीपर्यंत थांबावे लागते.